हमी मालकाला नको, गाडीला द्या

फलटणहून लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड करत दिवे घाटाने पुण्यात उतरले की साधारण एकशे दहा किलोमीटर भरतात. जाऊन-येऊन दोनशे वीस. टाटा मोटर्सने २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही बाजारात आणली तेव्हा तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत होती आणि प्रमाणपत्रावर पल्ला होता ३१२ किलोमीटर. प्रमाणपत्र चाचणीत मिळते, गाडी रस्त्यावर चालते. एसी, घाट, मागच्या सीटवरची तीन माणसे आणि चालकाच्या उजव्या पायाची घाई धरली की हिशेब दोनशेच्या आसपास यायचा. सकाळी निघून, पुण्यातले काम उरकून, रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचायचे तर वाटेत कुठेतरी वायर लावून बसणे आलेच. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच नावाची गाडी ४५ युनिटची बॅटरी आणि ४८९ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला घेऊन आली. तिला हा फेरा एका चार्जमध्ये जमतो.

या पावणेपाच वर्षांत जुन्या गाडीचे काही बिघडले नव्हते. मोटर तीच, वेग तोच, बॅटरीवरची आठ वर्षांची हमीही चालू. बिघडली ती फक्त तिची किंमत.

मधले टप्पे पाहिले की हे कसे घडले ते कळते. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटची नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली, पल्ला ४३७ किलोमीटर. जानेवारी २०२३ मध्ये नेक्सॉन ईव्हीच्या किमती ८५ हजार रुपयांपर्यंत उतरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये गाडीचे रूपडे आतून-बाहेरून बदलले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीचे सेल स्वस्त झाले म्हणून कंपनीने किंमत आणखी १ लाख २० हजारांपर्यंत खाली आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात सणासुदीची सवलत जाहीर झाली, तीन लाखांपर्यंत, ऑक्टोबरअखेरपर्यंत. ज्याने गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये, पूर्ण पैसे मोजून गाडी दारात उभी केली होती, त्याच्या गाडीचे तीन लाख ती पहिल्या सर्व्हिसिंगला जाण्याआधीच उडाले. जुन्या गाडीचा भाव नेहमी नव्या गाडीच्या बिलावरून खाली मोजत येतो. ते बिलच खाली सरकले तर जुनी गाडी किती जपून वापरली याला फारसा अर्थ उरत नाही.

एकट्या टाटांची ही गोष्ट नाही. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ युनिटच्या बॅटरीसह आली आणि लोकांनी ती उचलून धरली. मे २०२५ मध्ये विंडसर प्रो आली, ५२.९ युनिटची. प्रमाणित पल्ला ३३२ वरून ४४९ वर गेला. मध्ये गेले ते अवघे आठ महिने. महिंद्राने जानेवारी २०२३ मध्ये एक्सयूव्ही ४०० आणली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई अशा अगदी वेगळ्या सांगाड्याच्या, ५९ आणि ७९ युनिटच्या गाड्या समोर ठेवल्या. पेट्रोल गाडी वयाने आणि किलोमीटरने उतरते. विजेची गाडी या दोन्हींखेरीज कंपनीच्या पुढच्या घोषणेने उतरते, आणि ती घोषणा कधी होईल हे मालकाच्या हातात नसते.

मोठमोठ्यांची गणितेही इथे चुकली आहेत. अमेरिकेत गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक लाख टेस्ला गाड्यांची मागणी नोंदवली तेव्हा तिच्या शेअरने उडी मारली होती. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने काही मॉडेलांच्या किमती वीस टक्क्यांपर्यंत कापल्या आणि हर्ट्झच्या ताफ्यातल्या गाड्यांची बाजारातली किंमत रातोरात घसरली. वर्षभराने कंपनीने वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि वह्यांत साडेचोवीस कोटी डॉलरची घट दाखवली. हिशेबनीसांची फौज पदरी असलेल्या कंपनीची ही गत. फलटणच्या लक्ष्मीनगरात राहणाऱ्या, पगारातून हप्ते भरणाऱ्या माणसाने काय करायचे?

घसरणीच्या मुळाशी बॅटरी आहे. ब्लूमबर्ग-एनईएफच्या वार्षिक पाहणीनुसार २०२४ मध्ये एका युनिट क्षमतेच्या बॅटरीचा जगातला सरासरी भाव ११५ डॉलर होता, आदल्या वर्षापेक्षा वीस टक्क्यांनी कमी. २०१० मध्ये तो हजार डॉलरच्या पुढे होता. गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा ज्या वस्तूचा, तीच इतक्या वेगाने स्वस्त होत असेल तर कालची गाडी आज महाग वाटणारच. याची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. तीस युनिटच्या बॅटरीचा या दराने हिशेब केला तर तो तीन लाख रुपयांच्या आसपास जातो. हा कारखान्याच्या दारातला भाव झाला; ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत तो वाढतो. पण उतार दोन्ही भावांना आहे. ज्या स्वस्ताईने जुन्या गाडीचा भाव पाडला, तीच स्वस्ताई उद्या त्या गाडीत नवी बॅटरी घालणे परवडण्याजोगे करू शकते.

बॅटरी लहान असली तर गाडी निदान जवळच्या पल्ल्याला चालते. प्लग जुना झाला तर पंचाईत जास्त होते. केंद्र सरकारच्या ईईएसएलने सप्टेंबर २०१७ मध्ये दहा हजार विजेच्या गाड्यांचे कंत्राट टाटा आणि महिंद्रा यांना दिले. टिगोर आणि ई-व्हेरिटो सरकारी कार्यालयांत गेल्या. त्या काळच्या टिगोरचा पल्ला दीडशे किलोमीटरच्या आत होता आणि जलद चार्जिंगसाठी होता १५ किलोवॉटचा ‘भारत डीसी-००१’ प्लग. पुढे देशातल्या प्रवासी गाड्या सीसीएस-२ या प्लगवर गेल्या. महामार्गांवर जे नवे चार्जर उभे राहिले, ते बहुतेक याच प्लगचे. जुनी टिगोर तिथे जाऊन नुसती उभी राहू शकते. त्याआधीची रेवा तर आणखी मागची. २००१ मध्ये बंगळुरूहून रस्त्यावर आलेली, लेड-ॲसिड बॅटरीची ती गाडी महिंद्राने २०१० मध्ये कंपनीसकट घेतली, २०१३ मध्ये तिच्या जागी ई-टू-ओ आणली आणि २०१९ पर्यंत तीही बंद केली. उत्पादन थांबले की सुटे भाग आटतात, आणि सुटे भाग आटले की भाव विचारायला कोणी येत नाही.

एवढे सगळे ऐकून ‘विजेच्या गाडीला रीसेल नाही’ हे वाक्य खरे वाटू लागते. पण ते पुण्यात बसून बोललेले वाक्य आहे. फलटणमध्ये बसून पाहिले तर हिशेब उलटा दिसतो.

सातारा-सांगली पट्ट्यात कितीतरी घरांतली पहिली चारचाकी नवी नसते. ती एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगची, पुण्या-पिंपरीत चार-सहा वर्षे फिरलेली गाडी असते. तिची फलटणची गरज काय? बारामती तीस किलोमीटर, लोणंद तितकेच, सातारा साठ-बासष्ट. कमिन्सच्या कारखान्यात जाणे-येणे, मुलांची शाळा, सोमवारी शिखर शिंगणापूर, लग्नसराईत दहिवडी-म्हसवड. वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी बॅटरी थकते असे परदेशातल्या मोठ्या पाहण्या सांगतात. उन्हाळा आमच्याकडे कडक असतो म्हणून थोडे जास्त धरले, तरी २०२० च्या गाडीला आज दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जमायला हरकत नाही. साताऱ्याला जाऊन यायला तेवढे पुरते. खर्चाचे म्हणाल तर युनिटला साडेसहा किलोमीटर आणि घरच्या विजेचा दर दहा रुपये धरला की किलोमीटरला दीड रुपया पडतो. पंधराचे ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी १०५ रुपये लिटरने सात रुपये खाते. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याच्या खिशात पाच हजारांच्या वर उरतात. शिवाय तालुक्याच्या गावात स्वतःचे अंगण असते, तिथे वायर टाकायला सोसायटीच्या बैठकीची परवानगी लागत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जी गाडी अपुरी पडते, तिला साजेसे गाव हेच आहे.

म्हणजे पहिल्या मालकाचा तोटा हा दुसऱ्या मालकाचा फायदा व्हायला हवा. वापरलेल्या वस्तूंचा बाजार असाच चालतो. मग विजेच्या गाडीबाबत दुसरा मालक पुढे यायला का कचरतो?

कारण त्याला काय पाहायचे ते कळत नाही. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत किंवा खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी आधी त्याचा जबडा उघडतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे दात पाहून ठरते. मग चाल, खूर, वशिंड. विकणारा काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. पेट्रोल-डिझेल गाडीलाही असे दात आहेत. मेकॅनिक बॉनेट उघडतो, ऑइलची कांडी ओढून पाहतो, सायलेन्सरमागे हात धरतो, धूर मारते का बघतो, मीटर फिरवलाय का हे पेडलच्या रबरावरून ताडतो. विजेच्या गाडीच्या पोटाखाली मात्र एक बंद पेटी असते. तिच्या आत शंभरापैकी किती जीव उरला आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. पडद्यावरचा पल्ला हा मागच्या चालवण्याच्या सवयीवरून काढलेला अंदाज असतो, त्यावर सौदा ठरवता येत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर घेणारा सगळ्यांनाच खराब गाडीचा भाव देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून मागे फिरतो आणि बाजारात खराब मालच उरतो. विजेच्या गाडीत याच्याही पुढची गंमत आहे. इथे विकणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. किती वेळा जलद चार्जिंग झाले, बॅटरी कितीदा तापली, कोणता सेल मागे पडला, ही सगळी नोंद गाडीतली यंत्रणा ठेवते आणि ती वाचण्याची किल्ली कंपनीकडे असते.

आता याच कंपन्यांच्या हमीपत्रातली बारीक अक्षरे वाचावीत. महिंद्राने आपल्या नव्या गाड्यांच्या बॅटरीला खासगी नोंदणीच्या पहिल्या मालकासाठी आजीवन हमी दिली. गाडी विकली गेली की ती दहा वर्षे किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. विंडसरची आजीवन हमीही पहिल्या मालकापुरतीच. टाटा मोटर्सने २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीला आणि पाठोपाठ कर्व्ह आणि नेक्सॉनच्या मोठ्या बॅटरीला अशी हमी दिली, तीही पहिल्या मालकाला. पहिल्या ग्राहकाची भीती घालवण्यासाठी हे ठीकच झाले आणि दुसऱ्याला दिलेली दहा वर्षे काही थोडी नव्हेत, हेही मान्य करायला हवे. पण परिणाम पाहा. सहीच्या दिवशी गाडीतला एकही सेल बदलत नाही, तरीही तिच्यामागचा भरवसा आखूड होतो. कंपनी जणू बाजाराला सांगते की आमचा विश्वास मालकावर होता, बॅटरीवर नव्हे. भाव पडतो यात मग नवल काय?

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे. दुसरा मालक गाडी कशी वापरेल याची खात्री कोण देणार? पण वापराची इत्थंभूत नोंद त्यांच्याच सर्व्हरवर जात असते. गैरवापर झाला तर तो त्यांना दिसतो, आणि पहिल्या मालकाने केला तरी दिसतो. हमी नाकारायची तर ती नोंदीच्या आधारावर नाकारावी, आरसी बुकातल्या नावावरून नव्हे.

ज्यांच्या हातात सौद्याची ताकद आहे, त्यांनी हा धोका केव्हाच दुसऱ्याच्या गळ्यात घातला आहे. एसटी महामंडळाने २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बसचे कंत्राट दिले ते विकत घेण्याचे नव्हे, किलोमीटरमागे पैसे मोजून चालवायला घेण्याचे. त्या बस वेळेवर आल्या नाहीत हा वेगळा विषय. पण उद्या दुप्पट पल्ल्याची बस आली तर जुन्या बसच्या घसरलेल्या किमतीचा भार ठेकेदारावर पडेल, महामंडळावर नाही. विंडसरने किलोमीटरमागे साडेतीन रुपये घेऊन बॅटरी भाड्याने देण्याची सोय काढली आणि तीन वर्षांनी साठ टक्के किमतीला गाडी परत घेण्याचा वायदाही केला. हे प्रयोग चांगले आहेत. पण २०२० ते २०२४ दरम्यान स्वतःच्या पैशाने गाडी घेऊन देशात विजेच्या गाड्यांचा बाजार ज्यांनी उभा केला, त्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

बॅटरी आणि गाडी यांचा हिशेब वेगळा ठेवण्याची कल्पना फलटणला परकी नाही. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये उभारलेल्या ‘नारी’त, अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेवर चालणारी सायकल रिक्षा विकसित केली. ‘इलेक्शा’ तिचे नाव. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांची गर्दी झाली ती नंतर, बरीचशी चिनी सुट्या भागांवर. त्या ई-रिक्षांना तंत्रज्ञान म्हणून कोणी पुढारलेले म्हणणार नाही, पण त्यांचा जुना बाजार व्यवस्थित चालतो. लेड-ॲसिड बॅटरी लवकर थकते हे सगळ्यांना ठाऊक असते. घेणारा बॅटरी कधी बदलली ते विचारतो, नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करतो आणि सौदा होतो. न कळणारे काही उरत नाही.

सरकारने मात्र जुन्या गाड्यांच्या बाबतीत उलटीच पावले टाकली. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली आणि नोंदणीकृत व्यावसायिकाने विकलेल्या जुन्या गाडीच्या नफ्यावरचा कर विजेच्या गाड्यांसाठीही १२ वरून १८ टक्के झाला. माणसाने माणसाला थेट विकली तर हा कर लागत नाही, पण तपासून, हमी देऊन गाडी विकणाऱ्या दुकानदारालाच तो लागतो. आणि या बाजारात सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे. मग सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या विजेच्या गाडीवरचा पाच टक्के तसाच राहिला, पण पेट्रोल गाडी स्वस्त झाल्याने जुन्या विजेच्या गाडीवर दोन्हीकडून दाब आला.

महाराष्ट्राचे २०२१ चे धोरणही नव्या खरेदीकडे बघत होते. पहिल्या दहा हजार गाड्यांना प्रत्येकी अडीच लाखांपर्यंत सवलत मिळू शकत होती. मे २०२५ मध्ये आलेल्या नव्या धोरणात मात्र एक तरतूद वेगळी आहे: अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या चारचाकींना टोलमाफी. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर ती प्रत्यक्षात सुरू झाली. ही सवलत गाडीला आहे. तिचा चौथा मालक स्टिअरिंगवर असला तरी टोलनाका त्याला पहिल्या मालकासारखाच सोडतो. राज्याला जे जमले ते कंपन्यांना का जमू नये?

करायचे काय, याची उत्तरे तयार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांच्या मंचाने २०२२ मध्येच बॅटरीच्या टिकाऊपणाचा किमान निकष ठरवला: पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के, आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि उरलेली क्षमता मालकाला पाहता आली पाहिजे. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाडीच्या बॅटरीला स्वतःचा डिजिटल पासपोर्ट लागेल. आपल्याकडे गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरतात, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. त्याच अर्जांना बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा, कंपनीच्या यंत्रावर काढलेला आणि ठरावीक शुल्काचा एक पानी अहवाल जोडणे बंधनकारक केले तर परिवहन कार्यालयाला वेगळे कष्ट नाहीत. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राचे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ही अट त्यांतही बसते.

तंत्रज्ञानाचा वेग थांबवा असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. त्या वेगाचा थोडा वाटा जुन्या गाडीलाही देता येतो, हे टाटा मोटर्सनेच दाखवले आहे. जानेवारी २०२३ मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्सचा प्रमाणित पल्ला ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाला, तेव्हा फेब्रुवारीपासून जुन्या ग्राहकांनाही सॉफ्टवेअर बदलून तो देण्यात आला. सोळा किलोमीटर म्हणजे काही फार नव्हे. पण कालची गाडी आजच्या यादीतून वगळली नाही, हा संदेश त्यातून गेला.

जानेवारी २०२० मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हींची आठ वर्षांची बॅटरी-हमी २०२८ च्या सुरुवातीपासून संपू लागेल. त्यानंतर दर महिन्याला नवी तुकडी हमीबाहेर पडेल आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या पुण्या-मुंबईहून फलटण, विटा, जत, आटपाडीच्या दिशेने निघतील. बॅटरी-अहवालाचा नियम त्याआधी आला तर या गाड्यांना योग्य भाव मिळेल आणि इथल्या घरांना परवडणारी गाडी. नंतर आला तर पहिल्या खेपेचे घेणारे अंदाजावर पैसे लावतील, त्यांतल्या काहींना दगा बसेल आणि त्यांचे अनुभव गावोगावच्या पारावर पुढची दहा वर्षे सांगितले जातील. राज्याचे धोरण २०३० पर्यंत आहे. त्यात दुरुस्ती करायला आणि केंद्राकडे फॉर्ममधल्या एका रकान्याचा आग्रह धरायला मंत्रालयाकडे वेळ आहे. फक्त तो २०२८ नंतरचा नाही.